पहाटेचे नंबर

माझं बोलणं लहानपणापासूनच कमी. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यातही बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा उत्तर येत असूनही मी पाटीकडे पाहत बसायची. आता आजी झाले, तरी दारात अनोळखी माणूस उभा राहिला की माझी जीभ टाळूला चिकटते. लिहायला मात्र मला आवडतं. कागद उलटून बोलत नाही आणि घाईही करत नाही.

अकोल्यात आमच्या घरामागे टिनाची एक खोली आहे. तिच्यात माझं शेवयांचं मशीन आहे. मशीन माझं, असं मी म्हणते आणि हेही चारचौघांत तसंच म्हणतात. होळी झाली की हंगाम सुरू होतो तो पार मिरगाच्या पावसापर्यंत चालतो. बायका घरून रवा भिजवून, मळून आणतात, मी शेवया काढून देते आणि त्या काड्यांवर घालून बायका घरी वाळवायला नेतात. आमच्याकडचं ऊन असं की मळलेलं पीठ फार वेळ थांबत नाही. वर पापुद्रा येतो, आत आंबूस वास सुटतो आणि शेवई तुटते. म्हणून कोणाचा नंबर कधी लागतो, यावर सगळं असतं.

पूर्वी नंबर म्हणजे डबे. फाटकापासून ओळीनं डबे मांडलेले असायचे. कोणी पाणी प्यायला गेली की तिचा डबा मागे सरकायचा. कोणी एकटीच यायची आणि बहिणीचा, जावेचा, विहिणीचा असे चार डबे मांडून बसायची. मग भांडण. भांडण झालं की सगळ्या माझ्याकडे वळायच्या, "सांग वं तू, कोण पहिले आलं?" मला माहीत असायचं. खिडकीतून सगळं पाहिलेलं असायचं. पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. एका वर्षी तर भर हंगामात मशीन बंद ठेवलं. मोटर बिघडली असं हे लोकांना सांगत होते. मोटर चांगली होती, बिघडले मी होते.

तेव्हा माझी लेक अमरावतीला कॉम्प्युटर शिकत होती. सुट्टीत आली तर मशीनला कुलूप. बाजेवर बसून आठवडाभर लॅपटॉप बडवत राहिली आणि एक पान तयार केलं. मोबाईलवर ते पान उघडायचं, नाव टाकायचं, रवा किती ते टाकायचं, की नंबर मिळतो. सध्या कितवा नंबर चालू आहे तेही घरबसल्या दिसतं. रात्री बाराला आजची यादी मिटते आणि उद्याची सुरू होते. बाईनं आपला नंबर जवळ आला की मगच रवा मळायचा. मी काय करायचं? एकीच्या शेवया झाल्या की एक बटन दाबायचं.

"बोलाचं नाही ना?" मी विचारलं.

"नाही. फक्त दाबाचं."

त्या वर्षापासून फाटकाशी भांडण राहिलं नाही. कोणी कुरकुर केली की मी मोबाईल वर धरून दाखवायची. माझ्याशी भांडणाऱ्या बायका मोबाईलपुढे गप्प व्हायच्या. लेकीचं लग्न होऊन ती अकोटला गेली, तरी तिचं पान माझ्या वतीनं बोलत राहिलं.

यंदा होळीच्या सुमारास ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मला नात झाली. बाळंतिणीचे नियम आमच्या घरी कडक. कानात कापूस, डोक्याला रुमाल, दोन वेळा शेक, डिंकाचे लाडू. आणि सव्वा महिना डोळ्यांना ताण नाही. माझ्या आईनं मला सव्वा महिना सुईत दोरा ओवू दिला नव्हता, तांदूळ निवडू दिले नव्हते. मी लेकीचा लॅपटॉप कपाटात ठेवला आणि मोबाईल माझ्याकडे घेतला. जावयांचा फोन आला तर कानाशी धरायचा, पाहायचं नाही. ती चिडली. मी ऐकलं नाही. बाकी कुठे बोलत नसले तरी लेकीपुढे माझं बरं चालतं.

आणि नेमकं तेव्हाच पान बंद पडलं.

मागच्या गल्लीतल्या काकू भिंतीवरून ओरडल्या तेव्हा कळलं. या काकूंचा आवाज असा की त्यांना फोनची गरज नाही. "काहून वं, तुमचं ते नंबरवालं उघडून नाही राहिलं! पांढरं फट्ट येते, आन् इंग्रजीत काई लिहेल हाय!"

मी माझ्या मोबाईलवर पाहिलं. तसंच होतं. बाळंतिणीच्या खोलीत जाऊन सांगितलं. लेक उठून बसली.

"आपण ते फुकटच्या जागेवर ठेवलं होतं, आई. कोणतंही पान कुठंतरी ठेवा लागते, तवा ते लोकायले दिसते. त्यायनं आता फुकटवाल्यायले उठवलं असन. मेल आला असन मले, पण तू पाहू देशीन तं ना! दे, दोन मिनिटं दे."

"नाही."

"डोळे माझे हायेत!"

"सव्वा महिना माझे हायेत."

ती भिंतीकडे तोंड करून निजली. नातीनं तेवढ्यात भोकाड पसरलं, म्हणून बरं झालं.

रात्री जेवताना हे म्हणाले, "चिठ्ठ्या वाट ना. पहिले काय मोबाईल होते?" मी भाकरी वाढली. चिठ्ठ्या वाटायच्या म्हणजे फाटकाशी उभं राहायचं, बायकांच्या तोंडाकडे पाहायचं, कोण आधी ते ठरवायचं. त्यापेक्षा कुलूप सोपं. दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखर कुलूप हातात घेऊन टिनाच्या खोलीपर्यंत गेले होते. आत तेल घातलेलं, पुसलेलं मशीन दिसलं आणि परत फिरले. लेकीजवळ बसून म्हटलं, "तू नको पाहू. कोणाले काय सांगाचं ते मले सांग. मी पाहते."

ती इतकी चकित झाली की रागवायचं विसरली. तिनं सांगितलं ते मी कागदावर लिहून घेतलं. पान तयार आहे. त्याला ठेवायला स्वस्त जागा पाहिजे, तिला होस्टिंग म्हणतात. आणि तिथे ते बसवून सेटिंग करून देणारा माणूस पाहिजे.

आधी बाजारातल्या एका दुकानात गेले. काचेचं दार, आत थंडगार. मी कागद पुढे केला. तिथल्या तरुणानं वाचला आणि हसला. "मावशी, हे जुनं कशाला? नवीन बनवून देतो. वर फोटो फिरतील, तुमच्या शेवयांचे, तुमचा पण टाकू." माझा फोटो फिरणार हे ऐकूनच मला घाम फुटला. त्यानं सांगितलेल्या खर्चात माझा अख्खा हंगाम गेला असता. "घरी विचारून सांगते," मी म्हटलं. हे एक वाक्य मला न अडखळता येतं.

मग एका मोठ्या कंपनीच्या नंबरावर फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात हिंदीत विचारू लागली, कोणता प्लॅन, किती जागा, किती लोक पाहणार. गल्लीतल्या बायका पाहणार, हे हिंदीत कसं सांगावं ते जुळवेपर्यंत ती तीनदा "हॅलो" म्हणाली. मी फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला.

लेक आतून म्हणाली, "आई, अमरावतीले आमच्या क्लासच्या एक मॅडम होत्या. लेकरू झाल्यावर त्यायनं क्लास सोडला. आता घरूनच अशी लहान लहान कामं करतात. कोणाची मेस, कोणाची शिकवणी. पैसे वाजवीच घेतात. पण त्यायच्याशी बोला लागन."

"लिहिलं तं नाही चालन?"

लेक हसली. "चालन ना. कोणं मना केलं?"

दुपारभर बसून मी मोबाईलवर लिहिलं. मशीन कसं आहे, पान काय करतं, बायका रवा कधी मळतात, पीठ किती वेळ थांबतं, पान बंद पडल्यापासून काय होतं, लेक का पाहू शकत नाही, सगळं. मध्येच एकदा बोट चुकीचं लागून अर्धंच गेलं. मग उरलेलं मागून पाठवलं. शेवटी लिहिलं, "मला फोनवर बोलता येत नाही. राग मानू नये."

संध्याकाळी उत्तर आलं, त्यांच्या आवाजात बोललेलं. मागे लेकरू भांडी आपटत होतं.

"काकू, मले आजपर्यंत इतकं सगळं कोणं लिहून नाही पाठवलं. लोकं लिहितात, साईट बंद हाय, अर्जंट. बस. तुमचं वाचून मले शेवया खावाशा वाटल्या. आता आयका. म्या एक सर्व्हर भाड्यानं घेतला हाय. मोठी खोली समजा. तिच्यात धा-बारा जणं राहतात. एक मेसवाल्या ताई हायेत, एक शिकवणी हाय, भातकुलीकडचं एक मंदिर हाय, त्यायच्या भंडाऱ्याची नोंद राहते. भाडं सगळे मिळून देतात, म्हणून कोणाले जड जात नाही. तुमचं तं गाठोडं एवढंसं हाय, कोपऱ्यात बसून जाईन."

मी ते तीनचार वेळा ऐकलं. लग्नघरी बायकांची खोली असते, जिच्यात सगळ्यांच्या पेट्या भिंतीला लावलेल्या असतात आणि ज्याची त्याला ओळखू येते, तशी ती खोली माझ्या डोळ्यांपुढे आली. तिथे माझं गाठोडं ठेवायला मला काही वाटलं नाही. भाडंही दोन दिवसांच्या शेवयांत वर्षाचं निघेल एवढंच होतं.

पण मॅडमना पान उचलून न्यायला लेकीची परवानगी हवी होती. ती परवानगी लेकीच्या मोबाईलवरूनच द्यायची होती. "पासवर्ड कोणालेच सांगत नसतात, मॅडमले बी नाही," लेक म्हणाली. म्हणजे स्क्रीन पाहणं आलं. मग मी ओला रुमाल आणला, घडी करून तिच्या डोळ्यांवर ठेवला आणि मोबाईल माझ्या हातात घेतला.

"सांग. मी वाचते, तू सांग कुठं दाबाचं."

"वर उजव्या बाजूले तीन आडव्या रेघा असतीन."

"हायेत."

"दाब. आता खाली खाली जा. एस अक्षरापासून सुरू होते, सेटिंग्ज."

"एस म्हणजे सापावाला?"

"सापावाला. दाब."

असं करत करत बरंच पुढे गेलो. मध्ये एका ठिकाणी मी भलतंच दाबलं आणि सगळं इंग्रजी बदललं. लेकीनं रुमालाची कड हळूच वर केली. मी तळहात ठेवून डोळे झाकले.

"आई, एक डोळा!"

"अर्धा बी नाही. काय होतं ते सांग, मी वाचते." आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. हे दाराशी उभे राहून पाहत होते. म्हणाले, "आंधळी सांगून राहिली, आन् चौथी पास चालवून राहिली. गाडी कुठं जाते काय मालूम." नातही तेवढ्यात जागी झाली. तिला मांडीवर घेऊन मी शेवटचं बटन दाबलं. लेक म्हणाली, "झालं. आता मॅडमले लिही."

दुसऱ्या दिवशी पान उघडलं. पत्ता नवीन होता, बाकी सगळं तसंच. माझ्या मोबाईलवरून यांनी तो बायकांच्या ग्रुपवर पाठवून दिला. मी मशीन सुरू केलं आणि एकेक नंबर बटन दाबून पुढे ढकलत राहिले. किती बरं वाटत होतं, ते लिहिता येत नाही.

काही दिवस असे छान गेले. मग ऊन चढलं. आमच्याकडे एकदा ऊन चढलं की बायकांचा दिवस अलीकडे सरकतो. सहाला उठणाऱ्या चारला उठतात, चूल-पाणी अंधारातच उरकतात, म्हणजे शेवया सकाळच्या गारव्यात निघतील आणि वाळतील. आणि तेव्हापासून नंबर हरवायला लागले. एक-दोघी म्हणाल्या, त्यांचं काही चुकलं असेल असं वाटलं. मग एका सकाळी मागच्या गल्लीतल्या काकू डोक्यावर पाटी घेऊनच आल्या. पाटीत मळलेला रवा, वर ओलं फडकं.

"म्या चारले उठून नंबर लावला, तं सव्विसावा आला! म्या म्हटलं, या गावातल्या बाया झोपतात का नाही? पण पंचवीस झालेले दिसले, म्हणून गुमान रवा मळला. आन् आता पाहून राहिली तं माझं नावच नाही! हे सहाले उठणारी म्हणते, पहिला नंबर तिचा!"

"मंग मोबाईलनंच देला ना मले पहिला," सहाला उठणारी म्हणाली.

काकूंसारख्या आणखी तिघी-चौघी फाटकाशी होत्या, सगळ्यांचं पीठ मळलेलं. सवयीनं मी मोबाईल वर धरला. मोबाईल म्हणत होता, पहिला नंबर सहाला उठणारीचा. काकू त्यात कुठेच नव्हत्या. पण मी तर चारला त्यांच्या स्वयंपाकघरातला लाईट पाहिला होता. माझाही तेव्हा पेटलेला होता. आता मोबाईल खाली घेतला की काहीतरी बोलावं लागणार, आणि वर धरला तर काकूंचं पीठ फुकट जाणार. फडक्याखालून आंबूस वास यायला लागला होता.

मी मोबाईल खाली घेतला.

"हे चुकून राहिलं," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हटलं, "हे चुकून राहिलं. ज्या अंधारात उठल्या त्या पहिले. मंग बाकीच्या, यादीपरमाणं."

काकूंनी पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले. "आयकलं का वं? मशीनवालीले जीभ हाय!"

"मंग मी बी अंधारात उठली होती," एक जण मागून म्हणाली.

"तू? तुले तं सासू तोंडावर पाणी मारते तवा उठते तू. ऊन येते तुह्या बाजेवर!"

हशा झाला. सहाला उठणारीही हसली आणि डबा घेऊन बाजूला बसली. तिचा रवा अजून मळायचाच होता, तिचं काही जात नव्हतं. मी पटकन मशीन सुरू केलं. त्या आवाजात कोणाला काही बोलता येत नाही.

दुपारी अमरावतीला लिहिलं. उजाडायच्या आधी लावलेले नंबर जातात, दूध येऊन गेल्यावर लावलेले राहतात. आणि आधी लावणाऱ्यांना उगाच मोठा आकडा येतो. असं का?

मॅडमचं उत्तर हसतच आलं. "अरे बाप्पा! काकू, सर्व्हरचं घड्याळ परदेशी टाइमावर हाय. तिकडं दिवस बदलते तवा आपल्याकडं पहाटचे साडेपाच वाजतात. तुमच्या बायका चारले उठल्या, तं सर्व्हर म्हणे अजून कालचाच दिवस हाय. म्या सगळं तपासलं होतं, पण पहाटे चारले कोण तपासन? माझं लेकरू मले सातपर्यंत झोपू देते, तेच देवाची कृपा."

हे ऐकून आतून लेकीनं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "अवं आई! घड्याळाचं म्या तिकडं, जुन्या जागेवर वेगळं टाकलं होतं! पानात नव्हतं ते. सांगाचंच राहून गेलं!"

"डोळे झाकून होती ना तू," मी म्हटलं.

दिवे लागायच्या आत घड्याळ बदललं. मॅडमनी आणखी एक गोष्ट कळवली, ती मला फार आवडली. हरवलेले नंबर हरवले नव्हतेच. काकू आणि बाकीच्या सगळ्या कालच्या यादीच्या शेवटी बसून होत्या. इतक्या लवकर उठल्या की कालमध्येच राहिल्या. काकूंना मी हे भिंतीवरून सांगितलं. हो, मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे वं. काल काय, आज काय, शेवया झाल्या ना!"

सव्वा महिना झाला. विहीर पुजून लेक घरात आली, नातीला माझ्या हातात दिलं आणि कपाट उघडलं. या वेळी मी अडवलं नाही. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि कोपरान् कोपरा पाहू लागली. मॅडमनी काय कुठे ठेवलं, घड्याळ कसं लावलं, सगळं. मी स्वयंपाक करून आले तरी पाहतच होती.

"काय पाहून राहिली इतकं?"

"काहीच बिघडलं नाही, आई," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा उतरला होता.

परवा अमरावतीला जाणाऱ्या एसटीत यांच्याबरोबर मॅडमसाठी शेवयांचा डबा दिला. सोबत, बोलायची हिंमत होईल तेव्हा भेटायला येईन, असं लिहून दिलं. त्यांनी परत डबा भरून पाठवला, लेकरासाठी केलेल्या शंकरपाळ्यांनी.

फाटकाशी मी अजूनही बोलत नाही. गरज पडत नाही. पहाटे अंधारात मी चहा ठेवते तेव्हा मोबाईल ओट्यावर बारीक गुरगुरतो, म्हणजे एकेक नंबर लागतो आहे. मी खिडकीतून पाहते. मागच्या गल्लीत काकूंचा लाईट पेटलेला असतो. मोबाईलवर पाहते, तर पहिला नंबर त्यांचाच असतो, आणि तारीख आजची.